जिवंत कल्चर नसेल तर रोगकारकाचे नाव मान्य करू नका : संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

सन्माननीय समिती सदस्यांस,
सप्रेम नमस्कार.

वनस्पतींना रोग करणाऱ्या बुरशींवर काम करणाऱ्या आम्हा काही संशोधकांचे हे पत्र आहे. आपण प्रकल्प मंजूर करता, दरवर्षी प्रगती अहवाल मागवता आणि शेवटी शोधनिबंध मोजता. या मोजणीत एक प्रश्न कधीच विचारला जात नाही : ज्या बुरशीवर हे सगळे काम झाले ती आज जिवंत आहे का, आणि दुसऱ्या कोणी मागितली तर मिळेल का? अनेकदा निबंध छापलेला असतो, जनुकक्रम सार्वजनिक संग्रहात जमा असतो आणि कल्चरची, म्हणजे वाढवून जिवंत ठेवलेल्या बुरशीची, नळी मात्र दोन वर्षांपूर्वीच वाळून गेलेली असते. मग त्या निबंधातले एकही वाक्य कोणाला तपासून पाहता येत नाही. हे का होते ते समजायला कामाच्या टेबलापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून थोडा तपशील सहन करावा ही विनंती.

पानावरच्या ठिपक्यातून बुरशी वेगळी करणे बाहेरून फार सोपे दिसते. ठिपक्याच्या कडेचा, अर्धा रोगट आणि अर्धा हिरवा असा, ३ ते ५ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. ठिपक्याच्या मधोमध कापले तर तिथल्या मेलेल्या पेशींवर नंतर येऊन बसलेल्या बुरशी हाती लागतात : क्लॅडोस्पोरियम, एपिकोकम, अल्टरनेरिया. (अल्टरनेरिया काही पिकांवर खरोखरच रोग करते, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.) हे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये साधारण एक मिनिट बुडवायचे, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचे, टिपकागदावर कोरडे करायचे आणि काचेच्या डिशमधल्या माध्यमावर, म्हणजे बुरशी वाढवायच्या अगारच्या थरावर, ठेवायचे. पातळ पानाला हे एक मिनिटही जास्त होऊ शकते. आतली बुरशी मरते आणि डिश कोरीच राहते. जाड सालीला तेवढे पुरत नाही आणि सालीवरचे सगळे रहिवासी डिशमध्ये उतरतात. म्हणून शेवटच्या धुण्याचे पाणी वेगळ्या डिशवर पसरून ठेवायचे असते. त्यात काही उगवले तर पृष्ठभाग निर्जंतुक झालाच नव्हता, आणि त्या खेपेच्या सगळ्या डिश बाद. ही एक डिश लावली होती का, एवढे विचारले तरी अहवालाचा दर्जा कळतो.

माध्यमाचेही तसेच. २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगार, एकूण एक लिटर, १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) : हे पीडीए (पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार) सगळीकडे वापरतात, कारण त्यावर बहुतेक बुरशी वाढतात. त्याचा दोषही तोच. पौष्टिक माध्यमावर जो वेगाने वाढतो तो जिंकतो. रायझोपस किंवा ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत डिश व्यापते आणि हळू वाढणारा खरा रोगकारक तिच्याखाली गाडला जातो. म्हणून पहिली लावणी नुसत्या २ टक्के पाणी-अगारवर करणे बरे. तिथे तंतू विरळ राहतात आणि टोकाचा एकच तंतू कापून उचलता येतो. जिवाणू रोखायला लिटरला १०० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन पुरते. संशय पिथियमचा किंवा फायटॉप्थोराचा असेल तर मात्र सगळी पद्धत बदलते. हे जीव बुरशीसारखे दिसतात, पण ऊमायसीट गटातले आहेत. ब्लीच त्यांना सोसत नाही, म्हणून मुळे नुसती वाहत्या पाण्यात भरपूर धुवायची आणि माध्यमात पिमारिसिन हे बुरशीरोधक घालायचे. पिमारिसिन खऱ्या बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटते. ऊमायसीट अर्गोस्टेरॉल बनवतच नाहीत, त्यामुळे ते वाढत राहतात आणि बाकीच्या बुरशी अडतात. हे माहीत नसलेल्या प्रयोगशाळेत मूळकुजीच्या प्रत्येक नमुन्यातून फ्युजेरियमच निघते आणि अहवालातही तेच जाते.

पुढची पायरी एकबीजाणू कल्चरची. मुदत जवळ आली की पहिली कात्री हिलाच लागते. बीजाणूंचे पाणी इतके पातळ करायचे की पाणी-अगारवर पसरल्यावर सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात मोजकेच बीजाणू दिसावेत. १२ ते १६ तासांनी, अंकुरनलिका फुटलेल्या पण शेजारच्या नलिकेला न भिडलेल्या, एकाच बीजाणूभोवतीचा अगार बारीक सुईने कापून नव्या डिशवर न्यायचा. हे केले नाही तर आपण ज्याला एक बुरशी म्हणतो ती दोन-तीन वंशांची खिचडी असू शकते. त्यातला एक वंश रोग करतो, दुसरा माध्यमावर जोमाने वाढतो. पाच-सहा वेळा कल्चर पुढे नेले की दुसराच उरतो, आणि पहिल्या वर्षी मिळालेला निकाल तिसऱ्या वर्षी मिळत नाही. मग दोष हवामानावर जातो.

आता नावाकडे येऊ. आयटीएस हा डीएनएचा तुकडा २०१२ साली बुरशींची सर्वसाधारण ओळखपट्टी म्हणून स्वीकारला गेला. त्याने कामे खूप सोपी केली. आम्हीही तो रोज वापरतो. पण फ्युजेरियम आणि कोलेटोट्रायकम यांसारख्या गटांत जवळच्या प्रजाती वेगळ्या काढायला तो पुरत नाही. फ्युजेरियमसाठी टीईएफ-१ अल्फा आणि आरपीबी-२, कोलेटोट्रायकमसाठी जीएपीडीएच, ॲक्टिन, बीटा-ट्युब्युलिन असे बरेच जनुक वाचावे लागतात. शिवाय सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींवर नाव लिहिणारी माणसेच असतात. एकाने चुकीचे नाव टाकले की पुढचे त्याच्याशी '९९ टक्के जुळणी' दाखवून तेच नाव घेतात, आणि चूक बहुमताने खरी ठरते. ही साखळी तोडायला एकच उपाय आहे : मूळ कल्चर मागवून पुन्हा पाहणे. कल्चर नसेल तर उपायही नाही.

आणि नाव बरोबर आले तरी त्या बुरशीनेच रोग केला हे सिद्ध होत नाही. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम निरोगी झाडांच्या मुळांतही सापडते. तिचे काही वंश मर रोग आणतात, तेही बहुधा एखाद्याच पिकावर, आणि बाकीचे काहीच करत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे चंद्रकोरी बीजाणू सारखेच दिसतात. फरक फक्त जिवंत रोपावर कळतो.

एल्म वृक्षांच्या मरीचे उदाहरण यासाठी पुन्हा सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धानंतर नेदरलँड्स आणि शेजारच्या देशांत एल्मची झाडे वाळू लागली. कोणी दुष्काळ म्हणाले, कोणी जिवाणू, कोणी युद्धातला विषारी वायू. डच वनस्पती रोगशास्त्रज्ञ योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्ट्स यांनी १९२२ साली एका बुरशीकडे बोट दाखवले. अनेक तज्ज्ञांना ते पटले नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या क्रिस्टीन बुइसमान यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाडांना बुरशी टोचून प्रयोग पुन्हा केले आणि शंका मिटली. १९३२ साली त्यांनी याच बुरशीची लैंगिक अवस्थाही शोधून काढली. वेस्टरडाइक त्याच काळात बुरशींचा एक मोठा जिवंत संग्रह सांभाळत होत्या, तो आजही नेदरलँड्समध्ये चालू आहे. एका रोगाचे कारण पक्के व्हायला इतकी वर्षे गेली, आणि मधली वर्षे कोणत्याही प्रगती अहवालात 'निष्पत्ती' म्हणून दाखवता आली नसती.

टोचणी, म्हणजे निरोगी रोपावर मुद्दाम बुरशी सोडणे, करूनही फसगत होतेच. बीजाणूंची संख्या हिमोसायटोमीटरने मोजून मिलिलिटरला १ लाख ते १० लाख ठेवायची, थेंब पानावर पसरावा म्हणून ०.०१ ते ०.०५ टक्के ट्वीन-२० घालायचे, फवारल्यावर रोपे २४ तास जवळजवळ शंभर टक्के आर्द्रतेत ठेवायची. सोबत तितकीच रोपे नुसते पाणी आणि ट्वीन-२० फवारून त्याच पेटीत ठेवायची. ही ताडणीची रोपे नसतील तर निकाल वाचूच नये. आर्द्रता चार-पाच दिवस लांबवली की दुबळी बुरशीही ठिपके पाडते. सुईने जखमा करून टोचले की जवळजवळ काहीही 'रोगकारक' ठरते. तोडलेल्या पानावरचा निकाल उभ्या झाडावर टिकेलच असे नाही, कारण तोडलेले पान म्हातारे होत असते. आणि शेवटी रोगट भागातून तीच बुरशी पुन्हा काढून मूळ कल्चरशी ताडून पाहायची. ही शेवटची पायरी बऱ्याच निबंधांत एका वाक्यात उरकलेली असते. ते वाक्य खरे आहे का हे दोन्ही कल्चर समोर ठेवल्याशिवाय कोण सांगणार?

तांबेरा आणि भुरी यांचे प्रकरण आणखी अवघड. या बुरशी नेहमीच्या माध्यमावर वाढत नाहीत, त्यांना जिवंत रोपच लागते. एका फोडातून घेतलेला तांबेऱ्याचा वंश दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या रोपांवर न्यावा लागतो. शेजारच्या पेटीतला बीजाणू हवेतून आला की वंश भेसळला. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला ठरावीक प्रतिकार जनुके असलेल्या वाणांचा संच लावतात आणि प्रत्येक वाणावरची प्रतिक्रिया ० ते ४ अशी नोंदवतात. त्यातले एसआर-६ हे जनुक १८ अंशांच्या आसपास नीट काम करते आणि २५ च्या पुढे ढेपाळते. काचगृहाचा पंखा दोन दिवस बंद पडला की त्या वाणावर मोठे फोड येतात आणि नवी जात सापडल्याची बातमी तयार होते. संचातल्या एका वाणाच्या बियाण्यात भेसळ झाली तरी हेच होते. म्हणून असा संच शुद्ध ठेवणे, दरवर्षी त्याचे बी वाढवणे आणि तपासणे हे स्वतंत्र काम आहे. त्यावर निबंध होत नाही. पण १९९८ साली युगांडात एसआर-३१ जनुक असलेल्या गव्हावर खोडाचा तांबेरा दिसला आणि पुढे युग-९९ म्हणून ओळखली गेलेली जात हाती लागली, ती कोणीतरी वाफ्यात नेहमीची पाहणी करत होते म्हणून.

साठवणुकीबद्दल समित्यांचा समज असा दिसतो की फ्रिज घेतला की झाले. ४ अंशांवर तिरप्या अगारावरची कल्चर तीन ते सहा महिन्यांनी पुढे न्यावी लागतात. पीडीएवर वारंवार पुढे नेलेल्या फ्युजेरियमचे रूप बदलते : कापसासारखी वाढ जाऊन चिकट, ओलसर थर येतो किंवा उलट नुसते पांढरे तंतू उरतात, बीजाणू कमी होतात आणि रोग करण्याची ताकद घटते. अशा कल्चरवर वाणांची प्रतिकारक्षमता तपासली की सगळेच वाण प्रतिकारक ठरतात. हे टाळायला पहिल्याच महिन्यात, ताज्या एकबीजाणू कल्चरच्या प्रती करून ठेवायच्या : काही १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर, काही निर्जंतुक पाण्यात अगारचे तुकडे टाकून, काही वाळवलेल्या गाळणकागदावर. भरपूर बीजाणू देणाऱ्या बुरशी गोठवून वाळवता येतात. नुसते तंतू देणाऱ्यांना ही पद्धत सहसा मानवत नाही. तांबेऱ्याचे बीजाणू द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकतात. पण बाहेर काढल्यावर त्यांना ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात ५ ते ७ मिनिटे उब द्यावी लागते. नाही तर ते जिवंत असूनही उगवत नाहीत, आणि नवा विद्यार्थी ती कुपी मेली म्हणून फेकून देतो. याशिवाय माइट. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे किडे एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये चालत जातात आणि पायांवर बीजाणू नेतात. डिशवर वेड्यावाकड्या रेषेत वसाहती उगवलेल्या दिसल्या की समजावे, अख्खे कपाट गेले.

जुन्या कल्चरची खरी किंमत बुरशीनाशकांच्या बाबतीत कळते. एखाद्या औषधाला बुरशी सरावली आहे का हे ठरवायला, ते औषध वापरात येण्यापूर्वीची बुरशी त्याला किती संवेदनशील होती हे माहीत असावे लागते. स्ट्रोबिल्युरिन गटातली पहिली औषधे १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्येच जर्मनीत गव्हाच्या भुरीत प्रतिकार आढळला. बुरशीच्या सायटोक्रोम-बी या प्रथिनात एका ठिकाणी ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी ॲलनिन आले की ही औषधे निकामी होतात. अशा वेळी आधीचे नमुने ज्यांच्याकडे होते त्यांना तुलना करता आली. औषध शेतात गेल्यावर त्याच्या आधीची बुरशी कितीही निधी दिला तरी गोळा करता येत नाही. वाळवलेले नमुनेही असेच उपयोगी पडतात : २०१३ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या वाळवलेल्या पानांतून डीएनए वाचून १८४५ च्या सुमाराच्या करप्याचा वंश ओळखता आला. ती पाने जपणाऱ्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता.

मुदतीबद्दल थोडक्यात. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिला हंगाम खरेदीत आणि नेमणुकीत जातो. उरलेल्या दोनांपैकी एक कोरडा गेला तर पानांवरचा रोगच येत नाही. मर रोगासाठी रोगट वाफा तयार करायचा तर रोगट झाडांचे अवशेष मिसळत आणि संवेदनशील वाण घेत काही हंगाम घालवावे लागतात. मगच रोग वाफ्यात सगळीकडे सारखा पसरतो. दर काही ओळींनंतर संवेदनशील वाणाची ओळ असते, आणि ती जवळजवळ पूर्ण मेली तरच बाकीच्या ओळींचे आकडे धरायचे. हरभऱ्याच्या मरीची बुरशी यजमान पीक नसतानाही मातीत सहा वर्षे टिकते. अशा वाफ्याचा प्रकल्प तिसऱ्या वर्षी बंद करून जमीन दुसऱ्या कामाला देणे म्हणजे तयार साधन मोडणे, आणि वर त्या जमिनीत रोग तसाच ठेवून जाणे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे. कोणत्याही नव्या रोगाची किंवा नव्या रोगकारकाची नोंद करणाऱ्या प्रकल्पाचा शेवटचा हप्ता, कल्चर दोन वेगवेगळ्या मान्यताप्राप्त संग्रहांत जमा झाल्याचे क्रमांक आल्यावरच द्यावा. एका ठिकाणचा फ्रीझर बंद पडू शकतो, म्हणून दोन. माध्यमावर न वाढणाऱ्या बुरशींसाठी वाळवलेला नमुना आणि गोठवलेले बीजाणू चालावेत. जमा करण्याचा आणि राखण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत असावा. 'किरकोळ' मध्ये ढकलला की तो पहिल्या कपातीत जातो. ज्या टोचणीत रोग आला नाही तिचा निकालही, ताडणीच्या रोपांच्या नोंदीसह, निष्पत्ती म्हणून मोजावा. एखादी बुरशी रोगकारक नाही हे पक्के कळले तर पुढच्यांची पाच वर्षे वाचतात. वाणांचा संच आणि रोगट वाफा राखणाऱ्या केंद्रांना प्रकल्पावर अवलंबून न ठेवता कायम निधी असावा.

यापेक्षाही कळीची मागणी माणसांची आहे. कल्चर संग्रह शास्त्रज्ञ सांभाळत नाही, तंत्रज्ञ सांभाळतो. कोणती नळी कधी पुढे न्यायची, कोणत्या बुरशीला पीडीए सोसत नाही, कोणत्या कपाटात गेल्या पावसाळ्यात माइट शिरले होते, हे त्याला ठाऊक असते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला माणूस हे शिकेपर्यंत निघायची वेळ होते. मागे राहतात 'एफ-७ ब, जुना' असल्या चिठ्ठ्या. प्रत्येक संग्रहाला किमान एक कायम पद हवे, आणि नोंदवहीत प्रत्येक कल्चरचे यजमान झाड, ठिकाण, तारीख, वेगळी करण्याची पद्धत, कितव्या पिढीत गोठवले आणि शेवटची टोचणी कधी झाली हे सहा रकाने सक्तीचे हवेत.

निवृत्तीचेही असेच. बुरशींवर तीस वर्षे काम केलेला शास्त्रज्ञ जातो तेव्हा कार्यालय त्याच्याकडून खुर्ची, संगणक आणि ग्रंथालयाची पुस्तके परत घेते; कल्चरबद्दल कोणी विचारत नाही. खोली नव्या माणसाला मिळते आणि नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी संग्रहाची यादी मागवावी, प्रत्येक कल्चर उगवते का ते पाहून घ्यावे, रोग करणाऱ्या कल्चरची एकदा यजमान रोपावर टोचणी करून घ्यावी, आणि हस्तांतर पूर्ण झाल्याशिवाय खोलीची चावी घेऊ नये. या वर्षभरासाठी एका तंत्रज्ञाचा पगार आणि काही शे कुप्या एवढाच खर्च येतो. पुढच्या बैठकीत हा विषय घेतल्यास यादीचा नमुना आणि तपासणीचे वेळापत्रक आम्ही तयार करून देऊ.

कळावे,
आपले नम्र,
वनस्पती रोगशास्त्रातील काही संशोधक आणि तंत्रज्ञ